पैसे मोजून केलेला वध आणि आपल्या टाळ्या

अमेरिकेतल्या मोंटाना, आयडाहो, अलास्का या राज्यांत आणि शेजारच्या कॅनडात पैसे भरून लांडगा मारण्याच्या सहली विकल्या जातात. गिऱ्हाइकाने काही हजार डॉलर भरायचे. राहण्या-जेवण्याची सोय, जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेला वाटाड्या, लांडग्यांची वाट कुठली याची आधीच काढून ठेवलेली खबर, हे सगळे त्या पैशात येते. गिऱ्हाइकाने फक्त चाप ओढायचा. नंतर मेलेल्या जनावराशेजारी बसून फोटो काढायचा आणि कातडे दिवाणखान्यात लावायला घरी न्यायचे. 2021 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्याने लांडग्यांच्या शिकारीची मुभा दिली. परवानाधारकांसाठी 119 लांडग्यांची मर्यादा होती. तीन दिवसही पुरे झाले नाहीत, तोवर 218 लांडगे मारले गेले होते. तो त्यांच्या विणीचा हंगाम होता. मारणाऱ्यांपैकी कुणाच्या ताटातला घास त्या लांडग्यांनी पळवला नव्हता.

वणी तालुक्यातल्या राजूरचा माणूस म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या या गोष्टीशी आमचा काय संबंध? आमच्या गावात कोळशाची खाण आहे, चुनाभट्ट्या आहेत, धूळ आहे. आम्ही पोटासाठी राबणारी माणसे, लांडगा मारायला डॉलर कुठून आणणार?

संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या थांब्यावर मी हल्ली एक विचार वारंवार ऐकतो. "वाघ, बिबटे, लांडगे एवढे माजलेत, तर सरकारने शिकारीचे परवाने विकावेत. हौशी लोक लाखो रुपये देतील, सरकारला पैसा मिळेल आणि आमचा त्रासही जाईल." बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यातल्या काहींची शेते रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेली असतात. पण त्यांच्या तोंडी आलेला हा विचार दुष्ट आहे, आणि तो खोडून काढणे हे माझे कर्तव्य आहे.

हा विचार नवा नाही. तो आपल्याच नागपुरात दुकान मांडून बसला होता. मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्याचरण शुक्ल, जे पुढे केंद्रीय मंत्री झाले, त्यांनी 1950 च्या दशकात अ‍ॅल्विन कूपर नावाची कंपनी काढली. मध्य भारतातल्या जंगलांत मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या मोहिमा आखून देणे हा तिचा धंदा. अमेरिकेतले धनिक विमानाने यायचे. जंगलाचे पट्टे शिकारीसाठी परवान्यावर मिळायचे. मचाण बांधलेले असायचे, आमिष म्हणून रेडकू बांधलेले असायचे, आणि हाका घालायला गावातली गरीब माणसे असायची. वाघ हाक्यातून बाहेर आला की पाहुणा गोळी झाडायचा. हाका घालणारा अनवाणी माणूस वाघाच्या तोंडासमोरून चालायचा आणि बंदूकवाला उंचावर सुरक्षित बसायचा. धोका गरिबाचा आणि शौर्य श्रीमंताचे, असा तो व्यवहार होता. विकत घेतलेल्या शिकारीत ही वाटणी आजही बदललेली नाही.

1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. तेव्हा शिकार कंपन्यांनी परकीय चलन बुडेल, धंदा बसेल म्हणून ओरड केली. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. देशात त्या वेळी जेमतेम 1827 वाघ उरल्याचे मोजणीत आढळले होते. शिकारीच्या पैशाने जंगल जगले असते, तर वीस वर्षांच्या भरभराटीनंतर ही वेळ आली नसती. परकीय चलनाचा हिशेब मांडणाऱ्यांनी वाघ मोजलेच नव्हते.

वाघाची निदान मोजणी तरी झाली, लांडग्याच्या नशिबी तेही नव्हते. इंग्रज सरकारने हिंस्र जनावर मारून आणणाऱ्यास इनाम ठेवले होते. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दप्तरांतून काढलेल्या हिशेबानुसार 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80 हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. आज सबंध देशात तीन हजारांच्या आसपास लांडगे उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या वाघांहूनही लांडगा आज दुर्मीळ आहे. त्याच्यासाठी कुणी सफारीची जिप्सी काढत नाही, त्याच्या नावाने कुणी हॉटेल बांधत नाही. त्याचे घर म्हणजे माळरान. सरकारी कागदावर ती पडीक जमीन ठरते आणि कुठल्याही प्रकल्पाला पहिल्यांदा दिली जाते. गावकरी त्याच्या बिळात धूर करून पिल्ले मारतात आणि त्याची साधी नोंदही होत नाही.

मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला लांडगा ठाऊक असतो. कळपातले कोकरू गेले तर तो कष्टी होतो, शिव्या देतो, कुत्री सोडतो, रात्री वाघूर लावून जागतो. त्याचे नुकसान खरे असते, आणि एका कोकराची किंमत त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. तरीही लांडगा मारायची सहल काढावी, असे त्याच्या मनात कधी आले नाही. ज्याचे नुकसान होते त्याला जनावराच्या मरणात करमणूक दिसत नाही. ज्याचे काहीच बिघडलेले नाही, त्याला ती दिसते. मला सर्वांत आधी आरोप करायचा आहे तो याच माणसावर. ज्याला भूक नाही, भीती नाही, ज्याच्या घरातले कुणी गेलेले नाही, आणि तरीही जो जीव घेण्याची हौस पैशाने भागवू पाहतो, तो माणूस समाजाला लागलेला रोग आहे, मग तो मोंटानात असो की आपल्या जिल्ह्यात.

दुसरा आरोप आपल्या सगळ्यांवर आहे, आणि त्यासाठी मला राळेगाव तालुक्यात यावे लागेल.

2016 ते 2018 या काळात पांढरकवडा वनविभागात 13 माणसे वाघाच्या हल्ल्यात गेली. वनखात्याने टी-1 या वाघिणीला जबाबदार धरले, तिलाच पुढे अवनी म्हटले गेले. लोणी, सराटी, बोराटी, विहीरगाव या भागातल्या शेतकऱ्यांनी ते दिवस कसे काढले, हे शहरात बसून कुणी सांगू नये. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात बायका शेतात जायला धजत नव्हत्या. सकाळी परसाकडे जाणे म्हणजे जीव मुठीत धरणे होते. त्या घरांच्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे, आणि वाघीण मारण्याचा निर्णय चूकच होता असे मी म्हणत नाही. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यासमोर तो प्रश्न गेला. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

माझा आक्षेप त्यानंतर जे घडले त्याला आहे. एका कठोर, दुःखद कर्तव्याचा तमाशा झाला. हत्ती आले, ड्रोन आले, पॅराग्लायडर आला, परदेशी जातीची कुत्री आली, वाघिणीला भुलवायला नामांकित कंपनीचे अत्तर शिंपडले गेले. हैदराबादचे खासगी शिकारी शफत अली खान यांना पाचारण झाले. मोहिमेसाठी ताडोबातून आणलेला एक हत्ती सुटला आणि चाहांद गावात त्याने एका बाईचा जीव घेतला. वाघिणीपासून लोकांना वाचवण्यासाठी निघालेल्या मोहिमेनेच एक घर उजाड केले, आणि त्या बाईसाठी कुणी मेणबत्ती लावली नाही. अखेर 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात शफत अली यांचे पुत्र असगर अली यांनी गोळी झाडली. गोळी झाडण्याआधी तिला बेशुद्ध करण्याचे प्रयत्न कितपत झाले, यावरून देशभर वाद पेटला, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने या मोहिमेत नियमांचा भंग झाल्याचे नोंदवले.

दुसऱ्या दिवशी आपण काय केले? फटाके फोडले, पेढे वाटले, हार घातले. पुढे शिकाऱ्याच्या सत्काराचा विषय थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भीतीतून सुटलेल्या माणसाने सुटकेचा निःश्वास टाकावा, देवाला नारळ फोडावा, हे मी समजू शकतो. पण ज्या गावांनी 13 माणसे गमावली, त्या गावांनी फटाके कुणासाठी फोडले? गेलेली माणसे फटाक्यांनी परत येणार नव्हती. त्या दिवशी आपण मृतांचा शोक बाजूला सारला आणि बंदुकीची पूजा केली. पोरांनी ते पाहिले. जीव घेणारा तो वीर, हा धडा त्यांनी त्या दिवशी गिरवला. जी पोरे आज परवाने विकायच्या गोष्टी करतात, त्यांना हे शिकवले कुणी? आपणच शिकवले.

वाघिणीमागे सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे उरले होते. त्यातली मादी पकडून पेंचला नेली. दोन वर्षे कुंपणात वाढवून मार्च 2021 मध्ये तिला जंगलात सोडले, आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन ती मेली.

त्याच वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, आपल्या शेजारच्या झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक वाघीण गुहेत शिरली होती. माणसांनी गुहेच्या तोंडाशी जाळ केला आणि कोंडलेल्या जनावराला टोकदार हत्यारांनी भोसकले. नंतर तिचे पुढचे पंजे तोडून नेले. ती गाभण होती. जानेवारी 2025 मध्ये वणी तालुक्यातल्या उकणी कोळसा खाणीच्या परिसरात एक वाघ मेलेला सापडला. त्याची नखे आणि दात गायब होते. उकणी आपल्यापासून किती दूर आहे, हे राजूरकरांना सांगायला नको. ज्यांनी ते पंजे तोडले आणि नखे उपटली, त्यांना बाहेर कुठेतरी गिऱ्हाईक आहे, म्हणूनच ते हे करतात. गळ्यात वाघनख घालून मिरवणारा, भरभराटीसाठी ते तिजोरीत ठेवणारा माणूस हा त्या खुनातला भागीदार आहे. मोंटानाचे गिऱ्हाईक निदान उजळ माथ्याने पैसे मोजते. आपले गिऱ्हाईक अंधारात मोजते, एवढाच फरक.

आता कुणी मला विचारेल, आणि विचारण्याचा त्याला हक्क आहे: "तुम्हाला वाघ-लांडग्यांचा कळवळा, आमच्या मेलेल्या माणसांचे काय?" याचे उत्तर टाळून मला पुढे जाता येणार नाही.

माणूस का मरतो, ते पाहा. आपल्या वणी तालुक्यात उघड्या खाणींनी जमीन पोखरली. मातीचे डोंगर उभे राहिले, त्यांवर वेड्या बाभळी माजल्या, रानडुकरे आली आणि त्यांच्यामागे वाघ आला. त्याच वाटेने रात्रपाळीचा कामगार सायकलने जातो. शेतकऱ्याला विहिरीवर मोटर चालवायला वीज मिळते ती रात्री, म्हणून तो पिकाला पाणी द्यायला अंधारात एकटा जातो. कुरण राहिले नाही, म्हणून गुराखी जनावरे घेऊन जंगलात आत शिरतो. सरपणासाठी बाई पहाटे निघते. ही माणसे वाघाने मारली हे खरे, पण त्यांना वाघाच्या तोंडाशी नेऊन उभे करणारी व्यवस्था आपली आहे. माणूस गेल्यावर सरकार 25 लाख रुपये देते. तीच रक्कम माणूस जिवंत असताना दिवसाची वीज, गुरांसाठी चारा, पक्की शौचालये आणि खाणीच्या वाटेवरचे दिवे यांवर खर्च झाली असती, तर किती घरांतला कर्ता माणूस आज घरी असता?

2024 च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी माणसांवर, विशेषतः लहान लेकरांवर हल्ले केले. मोहीम निघाली, निशाणेबाज आले, लांडगे पकडले आणि मारले गेले. त्या गडबडीत एक गोष्ट उघड झाली. ज्या गावांत लेकरे गेली, तिथल्या कित्येक घरांना दारेच नव्हती. मग प्रशासनाने घराघरांना दारे बसवून द्यायला सुरुवात केली. स्वातंत्र्याला तेव्हा 77 वर्षे झाली होती, आणि आईला रात्री लावून घ्यायला दार नव्हते! तिथे लांडगा आत शिरला, तर पहिला गुन्हेगार कोण? बंदुकीवर आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांवर सगळ्यांचे डोळे लागले होते. दाराकडे आधी कुणी पाहिले नाही. अशी घरे आपल्याही तालुक्यात आहेत, ज्याने-त्याने आपल्या वस्तीत जाऊन पाहावे.

आता परवाने विकण्याच्या युक्तिवादाकडे येतो. तो असा: "जे जनावर माणसाला धोकादायक ठरले, ते तर मारायचेच आहे. मग ते सरकारी बंदुकीने फुकट मारण्याऐवजी हौशी माणसाकडून पैसे घेऊन का मारू नये?" ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण एकदा मरणाला दर लागला की धोकादायक जनावर सापडणे हा कुणाच्या तरी फायद्याचा विषय होतो. आज एखादा वाघ धोकादायक आहे की नाही, हे ठरवणारा अधिकारी चुकू शकतो. उद्या त्याच्या निर्णयावर लाखोंची बोली लागलेली असेल, तेव्हा तो चुकणारच. दक्षिण आफ्रिकेत हे होऊन गेले आहे. तिथे सिंह पिंजऱ्यात जन्माला घालतात, कुंपणात वाढवतात आणि वयात आले की पैसे भरणाऱ्या पाहुण्यासमोर मारायला सोडतात. शिकारीचा बाजार उभा राहिला, जंगलातले सिंह पुरेनात, म्हणून बाजाराने स्वतःचे बळी स्वतःच वाढवायला घेतले. संरक्षणाच्या नावाने सुरू झालेला व्यापार अखेर इथे पोचतो.

आफ्रिकेतल्या काही देशांत शिकारीच्या पैशातला वाटा गावांना मिळतो, हे खरे आहे, आणि ते मी लपवत नाही. पण ज्या देशात माणसाच्या मृत्यूची भरपाई मिळवायला विधवेला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्या देशात शिकारीचा पैसा कोलाम आदिवासीच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पोचेल, यावर कुणी विश्वास ठेवायचा? पूर्वी नागपूरच्या कंपनीचे डॉलर हाका घालणाऱ्यांच्या पोडावर पोचले होते का?

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 ने शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराबाबत कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी कारणे देऊन आदेश काढता येतो, तोही पकडणे, बेशुद्ध करणे, हलवणे शक्य नाही अशी खात्री पटल्यावरच. लांडगा आणि वाघ दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. कायद्याने मारण्याची वाट पूर्ण बंद केलेली नाही, पण ती दुःखाची आणि जबाबदारीची ठेवली आहे. तिला करमणुकीची वाट करण्याची मागणी म्हणजे कायद्यातली माणुसकी काढून घेण्याची मागणी आहे.

आपला वारसाही आठवा. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसद इथे जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी इंग्रजांचा कायदा मोडला. त्या सत्याग्रहाने सांगितले की जंगल हे साहेबाच्या मौजेसाठी नसून गावकऱ्याच्या जगण्यासाठी आहे. याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी जत्रांतल्या पशुबळींविरुद्ध आयुष्यभर आवाज उठवला. देवाच्या नावाने केलेली हत्याही त्यांना मान्य नव्हती. मग हौसेच्या नावाने केलेली हत्या त्यांच्या प्रदेशात कशी मान्य व्हावी? ज्या जिल्ह्याने साहेबाच्या मौजेला आव्हान दिले, त्याच जिल्ह्याने पैसेवाल्याच्या मौजेसाठी जंगलाचे दार उघडावे, ही मागणी त्या सत्याग्रहींचा अपमान आहे.

म्हणून राजूरच्या आणि वणी तालुक्याच्या माणसांपुढे मी काही गोष्टी मांडतो. ग्रामसभेत ठराव करा की कुठल्याही जनावराच्या वधाचा सत्कार आपल्या गावात होणार नाही. मारावेच लागले तरी फटाका फुटणार नाही. शेताला विजेच्या तारा आणि तारेचे फास लावणे थांबवा. रानडुकरासाठी लावलेल्या त्या फासात वाघ आणि शेजाऱ्याची गाय दोन्ही अडकतात, आणि शेतात रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच भाऊ त्या विजेने मरतो. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी भांडा. खाण कंपनीकडे वाटेवरचे दिवे आणि रात्रपाळीच्या कामगारांसाठी वाहन मागा. मातीच्या ढिगाऱ्यांवरची झुडपे साफ करायला लावा. वाघाचा, लांडग्याचा वावर दिसला तर काठ्या घेऊन घेराव घालू नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. ज्यांची मेंढरे, गुरे गेली त्यांचा पंचनामा वेळेत होऊन भरपाई मिळावी म्हणून शिकलेल्या पोरांनी त्यांच्यासोबत कार्यालयात जावे. शौर्य दाखवायचेच असेल तर ते तिथे दाखवा. आणि वाघनख, कातडे, दात विकत घेणारा कुणी ठाऊक असेल, मग तो नातलग का असेना, त्याचे नाव पोलिसांना आणि वनखात्याला सांगा.

घरात घुसलेल्या जनावरापासून लेकरू वाचवताना ज्याच्या हातून ते जनावर मेले, त्याला मी दोष देणार नाही. पैसे मोजून मारायला निघालेला माणूस, त्याला वाट दाखवणारा, त्याच्या नावाने फटाके फोडणारा आणि हे सगळे पाहून गप्प बसणारा, हे चौघे मात्र दोषी आहेत. या चौघांत आपण कुठे आहोत, ते प्रत्येकाने आजच ठरवावे.